शेजाऱ्याचा कान



ह्या महिन्याच्या निरूपणाला आम्ही एक लहानशी गोष्ट घेतली आहे. लहान म्हणजे किती, तर सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी. तिचे नाव मोबाईल फोन. तुम्ही म्हणाल, संतांच्या मासिकात ह्या यंत्राचे काय काम? पण अहो, जे यंत्र वारकऱ्याच्या गळ्यातल्या माळेशेजारी लोंबू लागले आहे, त्याचा विचार वारकऱ्याने नाही करायचा तर कोणी करायचा? शिवाय आम्ही हे दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी सांगत नाही. आमच्या हातून एक चूक घडली, ती मनाला टोचते आहे, म्हणून सांगतो.

गेल्या कार्तिकी वारीची गोष्ट. द्वादशीला उपवास सोडून रात्रीच्या एसटीने आम्ही पंढरपुराहून पुण्याकडे निघालो. बरोबर आमच्या फडावरचे एक वृद्ध टाळकरी होते. त्यांच्या नातवाने त्यांना फोन घेऊन दिला आहे आणि त्यात हरिपाठ भरून दिला आहे. गाडी सुटली तसा बाबांनी हरिपाठ लावला. गाडीचा खडखडाट फार, म्हणून आवाज होता नव्हता तेवढा चढवला. टेंभुर्णीला एक बाई कडेवर पोर घेऊन चढली आणि आमच्या मागच्या बाकावर बसली. पोर किरकिर करीत होते. ती त्याला थोपटी, ते डोळा मिटी, आणि फोनमधला टाळ खणाणला की पुन्हा दचकून उठे.

एकदा तिने पुढे वाकून बघितले. बाबांनी आमच्याकडे बघितले. आणि आम्ही काय म्हणालो असू? "राहू द्या हो. हरिनामच आहे. पोराच्या कानावर चांगलंच पडतंय."

थोड्या वेळाने बाबांना डुलकी लागली. आता गंमत बघा. बाबा झोपलेले, आम्हीही पेंगलेले, आणि फोन एकटा नाम घेतो आहे! गाडीत जागे कोण? ती आई आणि तिचे लेकरू. भिगवणला ती उतरली. उतरताना आमच्या बाकापाशी क्षणभर थांबून म्हणाली, "बाबा, पोराला ताप होता, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसरं काही लावलं असतं तर बोलले असते. देवाचं नाव होतं, म्हणून बोलता आलं नाही." एवढे बोलून तिने आमच्या पायांना हात लावला आणि ती गेली.

सज्जनहो, तिने भांडण केले असते तर बरे झाले असते. तिने नमस्कार केला, तो नमस्कार अजून आमच्या पायांना पोळतो आहे. पुढे पुण्यापर्यंत आम्हाला झोप नाही. देवाच्या नावाने भवभय जावे, असे आम्ही कीर्तनातून सांगत आलो. आणि त्याच नावाचा आम्ही असा धाक घातला, की एका आईला आपल्या तापल्या लेकरासाठी दोन शब्द बोलता येईनात!

आता येथे कोणी शंका घेईल, की हरिनाम कानी पडणे हे तर भाग्य. श्रवण ही भागवताने सांगितलेल्या नवविधा भक्तीतली पहिली भक्ती. मग त्यात दोष कसा?

शंका बरोबर आहे, समाधानही ऐका. श्रवण म्हणजे कान देणे. कान 'देणे' म्हणतो आम्ही. जो देतो त्याच्या खुशीने ते दान होते. ओढून घेतले तर त्याला दान म्हणत नाहीत. कीर्तनाला माणूस घरून पाय धुऊन, वाट तुडवून येतो. तो कान द्यायलाच आलेला असतो. एसटीत बसलेला माणूस गावाला चाललेला असतो. कोणी दवाखान्यातून येतो, कोणी रात्रपाळी करून येतो, कोणी मयताला चाललेला असतो. त्याच्या कपाळावर ते लिहिलेले नसते.

नाथांची कथा आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकली आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड नाथांनी वाटेत तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतली. बरोबरच्या लोकांना वाटले, पुण्य वाया गेले. नाथांना त्या तहानेतच रामेश्वर दिसला. ही कथा सांगताना आमचा कंठ दाटून येतो. पण त्या रात्री एसटीत काय झाले? त्या गाढवाला पाण्याची तहान होती, ह्या लेकराला झोपेची. आमच्यापाशी कावड नव्हती, काही ओतायचे नव्हते, नुसते एक बोट लावून बटण दाबायचे होते. तेवढेही आमच्याने झाले नाही.

आणखी एक. शास्त्रकारांनी जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आणि मानस जप सर्वांत श्रेष्ठ मानला. ज्याला गाडीत नाम घ्यायचे आहे त्याला मनातला रस्ता मोकळा आहे; त्याला ना तिकीट लागते ना बॅटरी. यंत्राने नाम घ्यावे आणि यजमानाने घोरावे, हा चौथा प्रकार मात्र कोठल्याही शास्त्रात आम्हाला आढळला नाही.

ही झाली हरिनामाची गोष्ट. मग ज्यात नामही नाही त्याचे काय बोलावे? हल्ली कोणत्याही गाडीत बसा. एका बाकावर सिनेमातली मारामारी, दुसऱ्यावर क्रिकेट, तिसऱ्यावर अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती. एक हसणे संपले नाही तोच दुसरे रडणे सुरू. चौथा गृहस्थ फोन तोंडासमोर ताटासारखा धरून घरच्या इस्टेटीचा वाद साऱ्या गाडीला ऐकवतो.

हे इतके का खुपते, त्याचे कारण समजून घ्यावे. डोळ्याला देवाने पापणी दिली, नको ते दिसले तर मिटता येते. कानाला पापणी नाही. झोपेतही कान उघडाच असतो, म्हणून तर लेकरू रडले की आई जागी होते. फोनचा कर्णा बोटभर. त्यातून मृदंगाची घुमारी निघत नाही, वरचा कर्कश सूरच तेवढा बाहेर पडतो. फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू आपल्याला ऐकू येते, म्हणून मन उरलेली अर्धी बाजू जुळवीत बसते. नको म्हटले तरी त्या बोलण्यात गुंतते. आणि सभोवती गलका असला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो. लोंबार्ड नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ साली हे दाखवून दिले. म्हणजे एकाने आवाज वाढवला की दुसरा वाढवतो, त्याच्यावर तिसरा, आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही. प्रपंचाचेही असेच नाही का?

माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली. त्यांत अहिंसेपाशी ते किती वेळ थांबले आहेत! अहिंसा म्हणजे नुसते कोणाला न मारणे, एवढ्यावर त्यांचे समाधान नाही. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, हात हलवतो कसा, हे एकेक इंद्रिय घेऊन त्यांनी उलगडले आहे. पायाखाली किडामुंगी दुखावू नये म्हणून जो पाऊल हळू टाकतो, तो बोलतानाही समोरच्याच्या मनाला धक्का लागू देत नाही. माउलींच्या काळी फोन नव्हता. पण आज आपला आवाज आपल्या तोंडातून निघतो तसा आपल्या खिशातूनही निघतो. तोंडाला जो नियम, तोच खिशाला नको का?

सरकारलाही आता हे सांगावे लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे मंत्रालयाने सूचना काढली, की रात्री दहानंतर डब्यात कोणी फोनवर मोठ्याने बोलू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईच्या बेस्टने आपल्या बसगाड्यांत इअरफोन न लावता आवाजी चित्रफिती वाजवण्यास आणि फोनवर मोठमोठ्याने बोलण्यास मनाई केली. ह्या आज्ञा योग्यच आहेत. पण आम्हाला त्या वाचून संकोच वाटला. ज्या महाराष्ट्रात ज्ञानेश्वरी घरोघर वाचली जाते, तेथे शेजाऱ्याच्या कानाची दया कंडक्टरने शिकवावी लागावी, हे आपल्याला भूषण आहे काय?

दुसरी शंका अशी, की "गाडी सार्वजनिक आहे, मीही तिकीट काढले आहे." खरे आहे. पण तिकीट काढले ते बसायच्या जागेचे. चाळीस-पन्नास जणांचे कान त्या तिकिटात येत नाहीत. आपली पिशवी आपण शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवतो का? मग आपला आवाज त्याच्या कानात का ठेवावा?

पण येथे उलट बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. मोठ्याने बोलणारा प्रत्येक जण उद्धट असतो असे नाही. कोणी म्हातारा कमी ऐकतो. कोणी मजूर महिनोन् महिने घराबाहेर असतो. प्रवासाची ती एक घटकाच त्याला लेकराचे तोंड बघायला मिळते, आणि आनंदाच्या भरात आवाज चढतो. त्याच्यावर डोळे वटारणे हीसुद्धा हिंसाच. आपण वारकरी एकमेकांना 'माउली' म्हणतो. ते वाळवंटात म्हणणे सोपे आहे. खरी कसोटी गाडीत. "माउली, जरा आवाज कमी करता का? शेजारी पोर झोपलंय." एवढेच, आणि हसून. बहुतेक माणसे ऐकतात. एखादा नाहीच ऐकला, तर तो आपल्या शांतीचा अभ्यास समजावा.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. मुंबईच्या लोकलमध्ये आपली भजनी मंडळे वर्षानुवर्षे भजन करीत आली आहेत. उभ्याने जाणाऱ्या चाकरमान्याला त्यांनी फार मोठा आधार दिला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्याच डब्यात डोके दुखणारा, परीक्षेचे वाचणारा, मनाने खचलेला असाही कोणी असतो. टाळ घेण्यापूर्वी "मंडळी, कोणाला त्रास नाही ना?" असे एकदा विचारले, तर भजनाचे काय कमी होईल? जो विचारून केलेल्या भजनात कान देतो तो दुसऱ्या दिवशी टाळही मागतो, असा आमचा अनुभव आहे.

शेवटी एक दृश्य आठवा. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी मुक्कामाला पोहोचते. समाजआरतीला साऱ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग, आकाश दणाणून गेलेले. आणि चोपदार आपला चोप वर करतो. त्या क्षणी सारे शांत! मग ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, तिचे ऐकून घेतो. पुढे हरवले-सापडले सांगतात आणि आरती होते. एवढ्या जनसमुदायात एका दिंडीचे दुःख ऐकू यावे, म्हणून बाकी साऱ्यांनी गप्प राहायचे! नादात आपला संप्रदाय मोठा आहेच. ह्या शांततेतही तो तितकाच मोठा आहे.

त्या रात्री एसटीत एका लेकराचे गाऱ्हाणे चालू होते आणि आमचे टाळ थांबले नाहीत. तेथे चोपदार नव्हता. सज्जनहो, गाडीत चोपदार नसतो. तेथे आपला चोप आपणच वर करायचा असतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरते तीन नियम केले आहेत. गाडीत काही ऐकायचे तर इअरफोन लावून, नाहीतर नाही. फोन आला तर हळू आवाजात, थोडक्यात, आणि "उतरल्यावर बोलतो" म्हणून. रात्री फोनची वाचा बंद. हे नियम वारीच्या नेमासारखे पाळावेत, अशी तुम्हाला विनंती आहे.

आणि आमचे टाळकरी बाबा? त्यांना आम्ही सारे सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माघी वारीला पुन्हा भेटले, तेव्हा एकाच कानात इअरफोनची वायर होती. आम्ही विचारले, "दुसरी बाजू बिघडली वाटतं?" म्हणाले, "नाही महाराज. एक कान हरिपाठाला, एक कान शेजाऱ्याला. कुणाचं लेकरू रडलं तर कळाया नको?"

आमचे सारे निरूपण बाबांनी एका वाक्यात उरकले. ह्यापुढे आम्ही काय सांगावे? रामकृष्णहरि.