रिकामी जागा

चिलीच्या उत्तरेला, अटाकामाच्या वाळवंटात, सुमारे ५००० मीटर उंचीवर चाखनांतोर नावाचे पठार आहे. ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणीच्या ६६ तबकड्या तेथे उभ्या आहेत. तिचे रीतसर उद्घाटन २०१३ साली झाले. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची दुर्बीण मीटरच्या आसपासच्या लहरी टिपते; हवेतल्या बाष्पाची तिला फारशी फिकीर नाही, म्हणून ती शेतामळ्यांच्या शेजारी नांदते. आल्माला हव्या असतात मिलिमीटरच्या लहरी, आणि त्या बाष्प वाटेतच गिळून टाकते. म्हणून ही कोरडी, उंच जागा. हवा तेथे इतकी विरळ, की दुर्बीण चालवणारे खाली २९०० मीटरवर बसतात.

अशा जागेला आपण सहज ‘ओसाड’ म्हणतो. हे वर्णन जागेचे, की आपल्या नजरेचे? चाखनांतोर हे नाव तिथल्या लिकान अंताय लोकांच्या कुन्सा भाषेतले. ती भाषा विसाव्या शतकात घराघरांतून मावळली, नाव राहिले. (गावाच्या नावात काय असते, हे सीमाभागातल्या वाचकाला मी सांगायला नको.) भोवतालचे डोंगर हे त्या लोकांना वाडवडिलांच्या ठिकाणी आहेत.

गंमत अशी, की दुर्बीणच आपल्याला खोटे पाडते. आकाशगंगेच्या पट्ट्यात काळे डाग दिसतात. विल्यम हर्शेल यांना ती आकाशातली भोके वाटली होती. अँडीजमधल्या लोकांनी मात्र त्या काळोखातच चित्रे पाहिली. एका डागात त्यांना लामा दिसला, त्यांचे ओझे वाहणारा, लोकर देणारा. आज आल्मा अशा काळोखात डोकावते, तेव्हा तेथे थंड वायू आणि धूळ सापडते. तारे जन्मतात ते त्यातूनच. लामा पाळणाऱ्यांना हे भौतिकशास्त्र आधीच ठाऊक होते, असे म्हणणे भाबडेपणाचे. तसला भाबडेपणा आपल्याकडेही उदंड आहे. त्यांनी इतकेच केले, की जेथे उजेड नाही तेथे ‘काही नाही’ असे म्हटले नाही.

मग दूरच्या काळोखाला इतक्या आदराने न्याहाळणाऱ्या शास्त्राने पायाखालच्या जमिनीसाठी कोणाला विचारावे? जमीन सरकारी, ती सरकारने दिली. कायदा तेथे संपतो. ज्ञान सर्वांचे आहे, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ‘सर्वांसाठी’ म्हणून जे घेतले जाते, ते बहुधा कोणा थोड्यांच्याच अंगणातले असते. आल्माने त्या लोकांच्या वडीलधाऱ्यांकडून आकाशाच्या कथा ऐकून नोंदवल्या, त्यांचे पुस्तकही केले. हे चांगलेच झाले. जागा आधी ठरली आणि कथा मागून विचारल्या, हा क्रम मात्र मला अजून खटकतो.