शिबी राजाचा तराजू आणि आपली कापशी



आजचं वाचन: महाभारत, वनपर्व. ससाण्याच्या भीतीने पळालेलं कबुतर राजा उशीनराला शरण येतं, ती कथा. बहुतेकांना ती शिबी राजाच्या नावाने आठवते.

लहानपणी मला यात ससाणा व्हिलन वाटायचा. यंदाच्या संक्रांतीपासून तसं वाटत नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गोंदियात आमच्या गच्चीवर नायलॉन मांजात पंख अडकलेली कापशी सापडली. कावळ्यापेक्षा लहान, पांढरी-राखाडी घार, डोळे लालभडक. वनविभागाच्या हेल्पलाइनवर, १९२६ ला फोन केला. भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, असं कळलं. वन्य पक्षी घरी ठेवणं बेकायदेशीरच, म्हणून संध्याकाळी ती सोपवली. निघताना सहज विचारलं, "हिला खायला काय देणार?"

"उंदीर."

पोटात कालवलं. मी शाकाहारी, गळ्यात तुळशीची माळ. एक जीव वाचवायला दुसरे मारायचे? ही कसली दया?

कथेत ससाणा नेमकं हेच उलट्या बाजूने विचारतो: तू कबुतर वाचवलंस, पण माझा घास हिरावलास. माझी बायकापोरं उपाशी मेली तर? जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो, तो धर्म कसला?

राजा त्याला पापी म्हणत नाही. त्याची भूक मान्य करतो आणि किंमत स्वतःच्या मांसाने मोजतो. शेवटी स्वतःच तराजूत बसतो. म्हणजे दया करताना बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं नाही.

मग माझं बिल कुठलं? आमच्या सत्संग ग्रुपने पावसाळ्यात गावाबाहेरच्या 'पडीक' माळावर वृक्षारोपण ठरवलं होतं. कल्पना माझीच! पण तो माळ म्हणजे कापशीचं ताट. ती हवेत एका जागी फडफडत गवतातले उंदीर, नाकतोडे हेरते. घरट्यापुरतं एखादं झाड तिला पुरतं. दाट झाडी झाली की सावलीत गवत संपतं, शिकार संपते. चंडोल तर घरटंच जमिनीवर करतो. आपल्या पूर्व विदर्भातलं झुडपी जंगलही असंच 'रिकामं' समजलं जायचं. त्या जमिनी वन म्हणूनच धरायच्या, असा निकाल मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

पक्षी वाचवून त्याचं रान बुजवलं, तर ती दया अर्धीच. काल ग्रुपवर लिहिलं, "माझं चुकलं. रोपं शाळेच्या आवारात लावू, माळ तसाच राहू दे." दोघे चिडले. चालेल. राजाने मांडी कापून दिली, मला फक्त अहंकार कापायचा होता.

उंदराचं मला अजूनही वाईट वाटतं. वाटू दे. भूक देवानेच दिली आहे, तिचा न्याय करणारा मी कोण?

आजचा संकल्प: नायलॉन मांजा घरात नको. आणि माळ दिसला की 'रिकामी जागा' म्हणायचं नाही.

हरी ॐ. उद्या भेटू.