पाठची बहीण

‘आता दुसऱ्याचा विचार करा, म्हणजे याला आधार होईल.’ पहिल्या मुलाला स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असल्याचं निदान झालं, की वर्षा-दोन वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी ना कुणी बोलून जातंच. बोलणारा मनाने वाईट नसतो. कधी त्या सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बाई असतात, कधी गल्लीतल्या काकी, कधी खुद्द डॉक्टर. आम्हालाही ते अनेकांनी सांगितलं, तेही खालच्या, मायेच्या आवाजात. एका जन्मालाही न आलेल्या मुलाची या एका वाक्यात नेमणूक होऊन जाते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलगा होणार की मुलगी हे ठाऊक नसतं, नाव ठरलेलं नसतं, पण त्याचं जन्मभराचं काम ठरून गेलेलं असतं.

मला या दुसऱ्या मुलाबद्दल लिहायचं आहे. विशेष मुलांबद्दल मराठीत आता बऱ्यापैकी बोललं जातं. १९९१ साली ‘चौकट राजा’ आला, २०१४ साली ‘यलो’ आला, आणि अशी मुलं पडद्यावर मध्यभागी उभी राहिली. आयांबद्दलही लिहिलं जातं, बहुतेक वेळा त्यांना देव्हाऱ्यात बसवून. पाठच्या भावंडाला मात्र शेवटच्या परिच्छेदात एक ओळ मिळते: ‘धाकटी बहीणही त्याला खूप सांभाळून घेते.’ ती ओळ वाचली की मला पुढचं वाचवत नाही. तिला सांभाळून कोण घेतं, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नसतो.

आमचा थोरला नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे. शब्द मोजके, पण हवं ते मिळवण्याची चिकाटी विलक्षण. धाकटी सहा वर्षांची. सकाळी घरातलं सगळं घड्याळ थोरल्याभोवती फिरतं. शर्टाच्या मानेजवळचं लेबल त्याला टोचतं, म्हणून नवा कपडा आणला की आधी कात्री. पोह्यांत मोहरी दिसली की ताट सरकवलं जातं. रोजचा रस्ता बदलला तर तो जागीच बसतो, आणि त्या दिवशी शाळेची पहिली तासिका बुडते. हे सगळं निस्तरेपर्यंत धाकटी मोजे चढवून, पाण्याची बाटली भरून दाराशी उभी असते. ‘हिचं काही बघावं लागत नाही,’ असं आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. सहा वर्षांच्या मुलीला हे कौतुक बरोब्बर कळतं. आपल्या हट्टाला या घरात जागा कमी आहे आणि शहाणपणाला भाव जास्त, हा हिशेब ती न शिकवता शिकते. गुणी पोर म्हणून तिची पाठ थोपटणारा प्रत्येक हात तिच्या बालपणातला एकेक दिवस काढून घेत असतो, असं मला वाटतं.

गेल्या दिवाळीत गल्लीतल्या मुलांनी आमच्या अंगणात किल्ला केला. ओल्या चिखलाला थोरला हात लावत नाही, पण कोरडी माती चाळायला बसवलं की तासन्‌तास रमतो. चाळण हलवायची एक लय असते, ती त्याला लागते. मुलांनी त्याला मातीचं खातं देऊन टाकलं होतं आणि काम छान चाललं होतं. पलीकडच्या बोळातला एक मुलगा नवा आला आणि चाळण घ्यायला पुढे झाला. त्याबरोबर धाकटी मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, ‘त्याला एकदम हात लावायचा नाही. आधी समोर येऊन सांगायचं. आणि मोठ्यानं बोलायचं नाही.’ शब्द माझे होते, सूरही माझा होता, कंबरेवरचा हातही माझाच. आजूबाजूच्या बायका कौतुकाने हसल्या. मी तिला हाक मारून म्हटलं, ‘तू जा, बुरूज कर तुझा, दादाकडं मी बघते.’ ती गेली, पण बुरूज थापताना दर दोन मिनिटांनी मान वळवून बघत राहिली. असं मान वळवणं या भावंडांच्या अंगात मुरतं. तिशी-चाळिशीतली अशी काही भावंडं माझ्या ओळखीची आहेत. ती भर लग्नात जेवतानाही दरवाजाकडे तोंड करून बसतात.

कुणी म्हणेल, यात वाईट ते काय? मुलं प्रेमळ होतात, समजूतदार होतात. होतात खरी. आमच्या घरातही प्रेम आहे आणि ते दोन्ही बाजूंनी आहे. धाकटी तापाने फणफणली की थोरला आपली ठरलेली जागा सोडून तिच्या पायाशी येऊन बसतो. मी सांगून तो कधी जागा बदलत नाही. आणि दोघं भांडतातही. रिमोटवरून, खिडकीजवळच्या जागेवरून चांगली झोंबाझोंबी होते. मला त्या भांडणाचा फार भरवसा वाटतो. घरात आम्ही सगळे त्याच्याशी कुठल्या ना कुठल्या उपचाराच्या बेताने बोलतो. ती एकटीच त्याला सरळ चिमटा काढते. ‘तो आजारी आहे, तू दे सोडून,’ असं म्हणून आपण ते भांडण मोडलं, तर भाऊ-बहिणीचं नातं संपतं आणि रुग्ण-परिचारिकेचं सुरू होतं. म्हणून आमच्याकडे नियम केला आहे: रिमोट आळीपाळीने, त्यालाही रडावं लागलं तरी चालेल.

अशा घरांची आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. कुटुंब नेहमी दोन तुकड्यांत जगतं. गणपतीत आमच्या कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या मिरवणुकीचा डॉल्बी आमच्या थोरल्याला सहन होत नाही. आवाज त्याच्या अंगातून आरपार जातो, तो कान दाबून भिंतीशी डोकं आपटतो. त्यामुळे बाबा आणि धाकटी मिरवणुकीला, मी आणि थोरला खिडक्या लावून घरात. अंबाबाईच्या दर्शनाची रांग असो, रंकाळ्यावरची संध्याकाळ असो की मामाच्या घरची वास्तुशांत, एकाने जायचं आणि एकाने थांबायचं. चौघांचा एकत्र फोटो काढायला आमच्याकडे सणसुद्धा कमी पडतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांशी मी याबद्दल बोलत असते. गल्लीतला पोरगा म्हणून ते थोरल्याला ओळखतात, ‘वहिनी, आमच्या चौकात आवाज कमी ठेवतो की,’ असं म्हणतात आणि ठेवतातही. या गावाचं मन मोठं आहे. त्याला काय करायचं ते सांगावं मात्र लागतं.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येते. आमच्यानंतर काय? विशेष मुलाच्या आईबापाला रात्री जागं ठेवणारा प्रश्न हाच. त्याचं तयार उत्तर समाजाने भावंडाच्या पदरात टाकून ठेवलं आहे, आणि बहीण असेल तर ते अधिकच अवघड होतं. तिचं लग्न ठरवायची वेळ आली की घरात कुजबुज सुरू होते: भावाचं आत्ताच सांगायचं की नंतर? स्थळ बघायला मंडळी येणार त्या दिवशी त्याला आत्याकडे पाठवायचं का? मला अशी घरं माहीत आहेत. तिथे बहिणीला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितल्या जातात. आमच्यामागं त्याला तूच बघायचं आहेस, आणि सध्या तो आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही. हे दोन्ही एका मुलीच्या खांद्यावर ठेवणं हा अन्याय आहे. मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

कायदा मात्र इतका अडलेला नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीपुढे जातो. पालक भावंडच असलं पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. दुसरे नातेवाईक होऊ शकतात, नोंदणीकृत संस्था होऊ शकते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते, स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले, आणि त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहून जगण्याचा हक्क सांगताना घरच्या घरी मिळणाऱ्या मदतीची, निवासी सोयीची, सोबतीला माणूस मिळण्याची बाब नोंदवली. म्हणजे सांभाळाची जबाबदारी रक्ताच्या नात्यावर संपत नाही, हे देशाने कागदावर मान्य केलं आहे. कागदापासून राधानगरी-चंदगडच्या घरापर्यंतचं अंतर तेवढं उरलं आहे. तिथल्या आईला एका स्पीच थेरपीच्या सत्रासाठी अख्खा दिवस एसटीत घालवावा लागतो, आणि त्या दिवशी धाकटं मूल शेजारी ठेवलेलं असतं.

‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. फ्रान्सच्या शार्ल द गॉल यांची धाकटी मुलगी आन हिला डाऊन सिंड्रोम होता. तिचा जन्म १९२८ चा. तिच्याआधीची दोन भावंडं होती, फिलिप आणि एलिझाबेथ. फ्रान्सचं नेतृत्व करणाऱ्या त्या कठोर माणसालाही हाच प्रश्न होता की आपल्यामागे हिचं कोण. द गॉल आणि इव्हॉन या नवरा-बायकोने दुसरं महायुद्ध संपल्यावर पॅरिसपासून जवळच एक जुना वाडा घेऊन तिथे अशा मुलींसाठी संस्था काढली. आन १९४८ साली, विशीतच गेली. संस्था राहिली, आजही आहे. द गॉल यांच्या आठवणींच्या पुस्तकांचं मानधन त्या कामाला गेलं. हाताशी दोन धडधाकट मोठी मुलं असतानाही त्यांनी प्रश्न त्यांच्या गळ्यात बांधला नाही, आणि स्वतःच्या मुलीसाठी शोधलेलं उत्तर दुसऱ्यांच्या मुलींनाही खुलं केलं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ आहे. अविनाश बर्वे आणि त्यांच्यासारख्या पालकांनी एकत्र येऊन, आपल्या प्रौढ मुलांना आपल्यामागेही घर असावं म्हणून ते उभं केलं. कोल्हापुरात तर याची जमीन फार आधीपासून नांगरलेली आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहं काढली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी ती निघत गेली, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. घर शिकवू शकत नाही म्हणून मूल अडाणी राहता कामा नये, घराचं उणं गावाने भरून काढायचं, असा त्यामागचा विचार होता. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड बसला. मूल ही एका घराची खासगी बाब आहे, ही समजूत इथे शंभर वर्षांपूर्वी मोडली गेली. त्याच मातीत नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ सुरू केली. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या या बाईंनी चाकाच्या खुर्चीत बसून उचगावला मुलांसाठी वसतिगृह उभारलं. शेंडा पार्कात ‘चेतना’ची शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवते आहे. शाहूंच्या बोर्डिंगांचीच ही पुढची पिढी आहे, असं मी मानते.

पण शाळा दुपारी सुटते आणि अठराव्या वर्षी संपते. मधल्या संध्याकाळी आणि पुढची चाळीस वर्षं पुन्हा घराकडेच येतात. म्हणून मला दोन साध्या गोष्टी हव्या आहेत. एक म्हणजे प्रत्येक तालुक्याला अशी जागा, जिथे आठवड्यातून एक संध्याकाळ विशेष मुलाला शिकलेल्या माणसांच्या हाती निर्धास्त सोपवता येईल, आणि ती संध्याकाळ धाकट्याची असेल. दुसरी, शाळांनी या भावंडांची दखल घ्यावी. इंग्लंडमध्ये २०१४ च्या मुलं आणि कुटुंबं कायद्याने घरातल्या कुणाचा सांभाळ करणाऱ्या लहान मुलांच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. अमेरिकेत डॉन मेयर यांनी केवळ भावंडांसाठी ‘सिबशॉप’ नावाचे मेळावे सुरू केले. तिथे मुलं खेळतात, आणि दादाचा राग येतो, लाज वाटते, हे आईच्या डोळ्यांत पाणी न आणता बोलून टाकतात. आपल्याकडे वर्गशिक्षिकेने ‘दादा कसा आहे?’ या प्रश्नानंतर ‘आणि तू?’ एवढं विचारलं तरी सुरुवात होईल.

शहरातले आम्ही काही पालक महिन्यातून एकदा भेटतो. सध्या विषय आहे मुलांच्या पुढच्या घराचा. बऱ्याच जणांना पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला जागा घ्यावी असं वाटतं. तिथे मोकळी हवा, भाव आवाक्यातला, शेतीचं काम, गोठा. माझं मत शहरातच घ्यावी असं आहे, मग खोल्या कमी झाल्या तरी चालतील. केएमटी बसच्या थांब्याजवळ, दूधवाला-भाजीवाली रोज बघतील अशा गल्लीत. बघणारे डोळे आसपास असले की आतला कारभार सरळ राहतो. आणि बहिणीला कामावरून सुटल्यावर तासभर डोकावून, भावाशी दोन घास खाऊन आपल्या घरी जाता आलं पाहिजे. डोंगरापलीकडे घर बांधलं तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतील, सगळं सोडून त्याच्याजवळ राहणं किंवा वर्षातून एकदा अपराधी चेहऱ्याने येणं. गेल्या बैठकीत यावर बरीच खडाजंगी झाली आणि निर्णय लागला नाही. पुढच्या वेळी अठरा वर्षांपुढच्या भावंडांनाही बोलवायचं ठरलं आहे. जागेबद्दल त्यांचं मत घ्यायचं आहे, आणि घर चालवायची सक्ती त्यांच्यावर राहणार नाही हे संस्थेच्या घटनेत पहिल्याच पानावर लिहून घ्यायचं आहे.