मान्यता दिली, आता तिची किंमतही मोजा

२१ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि पोर्तुगाल यांनी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी फ्रान्सनेही दिली. १९१७ मध्ये बाल्फोर जाहीरनाम्यातून ज्यूंना तिथे राष्ट्रीय घर देण्याचे वचन ब्रिटननेच दिले होते. तिथल्या अरबांचा राष्ट्र म्हणून हक्क मान्य करायला त्याला आणखी १०८ वर्षे लागली. आज संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी दीडशेहून अधिक देश या बाजूला आहेत. तरीही परक्या सरकारांनी यात पडावे का, हा वाद मिटलेला नाही आणि त्यातले आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवेत.

पहिला आक्षेप कायद्याचा. १९३३च्या माँटेव्हिडिओ करारानुसार राष्ट्राला कायमची लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि परराष्ट्रसंबंध ठेवण्याची क्षमता हवी. पॅलेस्टाईनच्या सीमा कुठे ठरल्या आहेत? पण १४ मे १९४८ रोजी इस्रायलची घोषणा झाली तेव्हा त्याच्याही सीमा ठरल्या नव्हत्या, आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी अकरा मिनिटांत मान्यता दिली. ज्यूंच्या हक्काला जो न्याय लागला, तो शेजाऱ्याच्या हक्काला का लागू नये?

राहिला सरकारच्या ताब्याचा मुद्दा. वेस्ट बँकमधील रामल्लात मूल जन्मले की जन्मदाखला पॅलेस्टिनी प्रशासन देते. पण त्या मुलाची नोंद इस्रायलच्या ताब्यातील लोकसंख्या नोंदवहीत झाल्याशिवाय त्याला पासपोर्टवर प्रवास करता येत नाही. मोठेपणी परदेशी जायचे तर बहुतेकांना अॅलनबी पुलावरून जॉर्डनमार्गेच जावे लागते, आणि तो पूल कधी उघडायचा हे इस्रायल ठरवते. आयातीवरील जकातही इस्रायलच गोळा करते आणि ती कधी सुपूर्द करायची हेही तेच ठरवते. ज्याचे हात बांधले आहेत, त्याला हात हलवता येत नाहीत म्हणून नापास करणे हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर मान्यता देणे म्हणजे हिंसेला बक्षीस नव्हे का? कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलींची घरे दिमोना-अश्दोदमध्ये आहेत. तिथल्या लोकांची भीती मराठी माणसाला परकी नाही. पण मान्यता हमासला मिळालेली नाही. १९९३ मध्ये पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी इस्रायलचे अस्तित्व लेखी मान्य केले आणि वाटाघाटींचा मार्ग धरला. त्या वेळी पूर्व जेरुसलेम वगळता वेस्ट बँकमध्ये एक लाखाहून थोडे अधिक इस्रायली वसाहतकार होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत. बोलणी करणाऱ्यांच्या पदरी जमीन गमावणेच आले, तर बंदूक उचलणाऱ्याचा युक्तिवाद आपोआप बळकट होतो. गाझात हजारो मुले मारली गेली, त्यानंतर तर तो आणखीच सहज गळी उतरतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: मान्यतेने काय बदलते? भारताने नोव्हेंबर १९८८ मध्येच मान्यता दिली, पुढे रामल्लात प्रतिनिधी कार्यालयही चालवले. सदतीस वर्षांत इस्रायलचा जमिनीवरचा ताबा सुटला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला ई-१ भागात वसाहतीच्या सुमारे ३४०० घरांना मंजुरी मिळाली. ती उभी राहिली तर वेस्ट बँकचा उत्तर भाग दक्षिणेपासून जवळजवळ तुटेल.

म्हणून माझे म्हणणे असे की मान्यता दिलीच पाहिजे, पण तिने देणाऱ्यालाही बांधले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात हा ताबा बेकायदा ठरवला आणि तो टिकवायला कोणत्याही देशाने मदत करू नये, असे सांगितले. स्लोव्हेनियाने वसाहतींतल्या मालाची आयात बंद केली. मान्यता देणाऱ्या बाकीच्यांना हे अशक्य नाही. पॅलेस्टिनी नेतृत्वालाही जाब विचारायला हवा: २००६ नंतर तिथे संसदीय निवडणूकच झालेली नाही, आणि लोकांचा कौल न घेतलेले सरकार त्यांच्या वतीने कुठल्या अधिकाराने करारावर सही करणार?

भारताने १९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले, १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. दोन्ही बाजूंशी बोलता येणारे देश थोडे आहेत, आणि आपण त्यांतले एक आहोत. ती ओळख वापरून इस्रायलला वसाहती थांबवा आणि रामल्लाला निवडणुका घ्या, असे एकाच आवाजात सांगितले, तरच १९८८चा आपला निर्णय पूर्ण होईल.