चुकायची ऐपत

गेल्या उन्हाळ्यात मी एक पाकीट बिघडवलं आणि त्याबद्दल माझं भरपूर कौतुक झालं.

मी चामड्याची कामं करतो. पोटासाठी नाही, हौस म्हणून. पाकिटं, कमरेचे पट्टे, वह्यांची कव्हरं असलं काहीबाही. लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी घरून करायला म्हणून बीडला परत आलो. रात्री झोप येईना, तेव्हा दोन सुयांनी चामडं शिवणाऱ्या माणसांचे व्हिडिओ बघायला लागलो. महिन्याभरात हत्यारं मागवली. आज्जीनं बजावलं, घरात चामडं आणायचं नाही. मग गच्चीवर पत्र्याखाली टेबल टाकलं. तेच माझं वर्कशॉप.

त्या रात्री पाकिटाचा तुकडा ओला करून दाबाखाली ठेवायचा होता. ओलं चामडं मऊ पडतं, त्यावर ठसा चांगला उठतो. दाबायला दुसरं काही सापडेना म्हणून गच्चीवर पडलेला जुना लोखंडी तवा ठेवला आणि झोपलो. सकाळी बघतो तर तांबूस चामड्यावर काळानिळा डाग, पावसाळी ढगासारखा पसरलेला. घासला, धुतला, जाईना. वैतागून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

आमचा आठ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. अंबाजोगाईचे एक सर, परळीची बँकेतली एक ताई, लातूरचा एक मेडिकलचा पोरगा, बाकीचे पुण्या-मुंबईचे. सगळे हौशी. दोऱ्याला आधी मेण लाव म्हणजे टाका बसतो. कड गुळगुळीत करायची तर पाण्याचं बोट फिरव आणि जाड कापडानं घास. कापण्याआधी कार्ड ठेवून माप बघ. हे शेवटचं माझ्यामुळे निघालं, कारण माझ्या पहिल्या पाकिटात घातलेलं एटीएम कार्ड बाहेर काढायला सांडशी लागली होती. सरांनी एकदा पट्ट्याचं बक्कल उलट्या बाजूनं शिवलं. मेडिकलच्या पोरानं अंगठा कापून घेतला आणि स्वतःच टाके घातले, त्याचाही फोटो टाकला. आम्ही पोट धरून हसतो.

माझ्या डागाला मात्र कुणी हसलं नाही. "भाई, हा डाग नाही, डिझाइन आहे!" "हॅप्पी अ‍ॅक्सिडेंट!" पुण्यातल्या एका मित्रानं ते पाकीट नऊशे रुपयांना घेतलं. दुसरं तसंच करून दे म्हणाला.

पुढच्या आठवड्यात रापीला धार लावून घ्यायला गेलो. रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार. बस स्टँडजवळ छत्री लावून एक म्हातारे बसतात, चपला शिवतात. मी त्यांना मामा म्हणतो. सहज फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.

"हिरड्यानं कमावल्यालं दिसतंय. ओलं असताना लोखंड लागलं व्हय?"

एका नजरेत ओळखलं. हिरडा किंवा बाभळीची साल वापरून कातडं कमावलं की त्यात टॅनिन उतरतं. ओल्या टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करायचे, तीही याच मेळातून काळी व्हायची. माझा चमत्कार म्हणजे शाळेतल्या रसायनशास्त्राचा एक धडा होता.

"मीबी केलाय हा डाग," मामा म्हणाले. "बारा-तेरा वर्साचा होतो."

गावात एका घरी लग्न होतं. नवरदेवाच्या चपला त्यांच्या वडिलांकडे होत्या. पोरानं ओला तळ रात्रभर ऐरणीवर ठेवला. सकाळी काळा डाग. लग्नाच्या चपलेवर काळं म्हणजे अपशकुन. घरच्यांनी जोड फेकून दिला, वर नवा जोड फुकट करून मागितला. चामडं ह्यांचं, मेहनत ह्यांची.

"मारलं का वडिलांनी?" मी विचारलं.

"न्हाई. त्या रात्री जेवला न्हाई माझा बाप. यवढंच."

मामांनी रापीला धार लावली, अंगठ्यावर हलकेच तपासली आणि माझ्या हातात दिली. वीस रुपये झाले.

डाग एकच. त्याची रसायनं तीच. मला त्याचे नऊशे रुपये मिळाले आणि त्यांच्या घरात एक माणूस उपाशी झोपला. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागलाय. चूक आनंदाची की दुःखाची, हे चुकीवर ठरतं, की ती करणाऱ्याच्या ऐपतीवर?

आपण चुकांबद्दल फार छान छान बोलतो. चुकांतून शिका. फेल फास्ट. प्रत्येक मोटिव्हेशनल रीलमध्ये कुणीतरी शंभर वेळा पडून उठलेलं असतं. पण पडल्यावर अंग टेकायला खाली काय होतं, ते रीलमध्ये दिसत नाही. माझ्या डागाखाली पगार होता, गच्ची होती, चामडं वाया गेलं तर दुसरं मागवता येत होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या डागावरून माझ्या जातीबद्दल कुणी काही ठरवणार नव्हतं. मी मराठा, शेतीवाडी असलेल्या घरातला. माझं पाकीट बिघडलं तर मी नवशिका ठरतो. मामांच्या वडिलांचा जोड बिघडला तर 'ह्या लोकांचं काम असंच' असं झालं असतं.

बीडमध्ये हे समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडीनं एका दिवसाचा खाडा केला तर मुकादम दंड लावतो, उचलीच्या हिशोबात धरतो. आजारी पडणं हीसुद्धा तिथं चूक असते.

यातली आणखी एक बाजू मला छागलीमुळे कळली. बीडच्या जुन्या ओळखीत दोन वस्तू येतात, गुप्ती आणि छागल. छागल म्हणजे प्रवासात न्यायची पाण्याची चामडी पिशवी. छाग म्हणजे बोकड, त्यावरून हे नाव. तिची गंमत अशी की ती किंचित पाझरते. चामड्याच्या छिद्रांतून ओल बाहेर येते, वाऱ्यानं तिची वाफ होते, वाफ होताना उष्णता ओढून घेते आणि आतलं पाणी गार राहतं. माठाचंच तत्त्व. अजिबात पाझरली नाही तर पाणी कोमट, जास्त पाझरली तर पिशवी रिकामी. किती पाझरू द्यायचं हे ज्याला कळतं, तो खरा कारागीर.

मी एक करून बघितली. छागल कसली, गळकी पिशवी झाली. मामांनी ती उलटीपालटी केली, शिवण दाताखाली धरावी तशी नखानं दाबली आणि टाके मोजून दाखवले. दोन टाके जास्त लांब. सुई जाड, दोरा बारीक. दहा मिनिटांत त्यांनी मला जे सांगितलं ते कुणालातरी वर्षानुवर्षं पिशव्या फुकट घालवून कळलं असणार. कुणाच्या तरी कातड्याचं नुकसान, कुणाचं तरी धान्य बुडालेलं. ग्रुपवर आम्ही ज्याला टिप म्हणतो, ती बहुतेक वेळा कुणाची तरी जुनी चूक असते. किंमत आधीच चुकती झालेली. आपल्याला ती फुकट मिळते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दिवसभर शांतता. मग सरांचा मेसेज आला, "म्हणजे आता छंदही जात बघून करायचे का?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त जो मुद्दा मांडला तो हाच, की जातीच्या व्यवस्थेत माणसाला काम त्याच्या आवडीनं किंवा कुवतीनं मिळत नाही, जन्मानं मिळतं. मग आवडीनं कुणी रापी हातात घेतली तर ती भिंत थोडी तरी पडते ना? गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवल्या. त्यांचे मित्र कॅलनबाख ट्रॅपिस्ट मठात जाऊन ही कला शिकून आले होते, त्यांच्याकडून गांधीजी शिकले. तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये भारतात परतताना जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्यानं त्यांना तुरुंगात घातलं त्यालाच. स्मट्सनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तरीला परत पाठवला. व्यापारी जातीतल्या बॅरिस्टरनं मुद्दाम चामड्याला हात लावला, यात मोठी गोष्ट आहे. पण त्या जोडाचा एखादा टाका वाकडा असता तरी स्मट्सनी तो जपलाच असता, हेही खरं आहे. बॅरिस्टरचा वाकडा टाका आठवण होतो. मामांच्या वडिलांचा वाकडा टाका नुकसान होतं.

सरांना उत्तर मी द्यायच्या आधी परळीच्या ताईनं दिलं. ती चर्मकार घरातली आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिनं लिहिलं, "माझ्या वडिलांना नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी रापी आडात टाकली. मी हौसेनं नवी घेतली तेव्हा दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी. मला चुकायला मजा येते, कारण त्यांनी ते काम सोडलं होतं. तुम्ही करा रे छंद. फक्त हे काम सोडायला कुणाला किती लागलं, तेवढं माहीत असू द्या."

मला वाटतं, उत्तर इथं कुठंतरी आहे. मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, मोटा शिवणं ही कामं कुणी कुणी करायची हे गावानं ठरवून दिलं होतं. ती नाकारण्यासाठी लोकांनी लढे दिले, मार खाल्ला. ज्या दारातून मी हौसेनं आत येतो, त्याच दाराला आतल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून कडी होती. मी आत येणं हा गुन्हा नाही. कडी नव्हतीच असं वागणं हा आहे.

आणि कडी अजून पूर्ण निघालेली नाही. मी एकदा मामांना म्हणालो, पुण्याहून एसटीनं चामडं घेऊन येणार आहे. ते लगेच म्हणाले, "पावती वरच्या खिशात ठेव. पिशवीत न्हाई, खिशात." मी शेकडो व्हिडिओ बघितलेत. ही टिप कुणी दिली नव्हती. मला तिची गरजही कधी पडली नव्हती. ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मीही तेव्हा बघितला होता, शेअर केला होता. पण मामांच्या धंद्यातली पहिली टिप तीच आहे, हे मला आत्ता कळलं.

"नातवाला शिकवताय का?" मी विचारलं. नातू बीडमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो.

"त्याला कशाला? तू शीक. तुला सोडता येतंय."

मी आता त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा शिकायला जातो. शिकवणीचे पैसे देतो, बिघडवलेल्या चामड्याचेही देतो. यानं फार काही फिटतं असं मला वाटत नाही. पण एक सवय बदलायचा प्रयत्न करतोय. आपण सगळे कुठं ना कुठं हिशोब करणाऱ्याच्या जागी बसलेलो असतो. जेवण वीस मिनिटं उशिरा आलं म्हणून मी डिलिव्हरीवाल्याला एक तारा दिलेला आहे. त्याच्या त्या दिवसाचं काय झालं, मला माहीत नाही. स्वतःच्या चुकांना हॅप्पी अ‍ॅक्सिडेंट म्हणणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या चुकीला निदान थोडी जागा ठेवायला हवी.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे ती विनोद म्हणून सांगतात. पणजोबांच्या वेळी विहिरीवर मोट चालायची. मोट म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पिशवी, विहिरीतलं पाणी वर आणणारी. एका वर्षी मोटेची शिवण गळायला लागली. सुगीला मोट शिवणारा खळ्यावर बलुतं मागायला आला तेव्हा पणजोबांनी मुद्दाम भोक पडलेल्या पोत्यात ज्वारी भरून त्याच्या डोक्यावर दिली. म्हणाले, तुझी मोट गळते, आमचं पोतं गळतं. लग्नकार्यात ही गोष्ट निघाली की सगळे हसतात. मीही हसत आलोय.

परवा आज्जी गच्चीच्या पायरीवर बसली होती. टेबलाकडे येत नाही ती, पण हल्ली पायरीपर्यंत येते. मी शिवता शिवता विचारलं, "आज्जी, पोत्यातून वाटेत सांडलेली ज्वारी कुणी वेचली गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याची बायकू आन दोन लेकरं. मागं मागं येचत गेली, पार येशीपतुर. मी नवी नवरी हुते, वट्ट्यावरून बघितलं की."

साठ वर्षं ही गोष्ट आमच्या घरात सांगितली जातेय. एवढा भाग तिनं कधी सांगितला नव्हता, आणि आम्ही कुणी विचारलाही नव्हता.