बापाची चोरी, मुलाची साक्ष

बाप चोर आहे हे मुलास ठाऊक असेल, तर त्याने ते राजाच्या अधिकाऱ्यास कळवावे काय? प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु राज्य, नीती व मनुष्यस्वभाव यांचा परस्परसंबंध ज्यास तपासून पाहावयाचा आहे, त्यास याहून चांगली कसोटी क्वचितच सापडेल. चीन देशात हा वाद सुमारे अडीच हजार वर्षे चालला आहे, आणि त्याचा आरंभ एका मेंढीपासून झाला.

शे प्रांताच्या अधिपतीने कन्फ्यूशियसास (इ. स. पू. ५५१–४७९) मोठ्या अभिमानाने सांगितले की, आमच्याकडे एक असा सरळ मनुष्य आहे की, बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने स्वतः बापाविरुद्ध साक्ष दिली. त्यावर, आमच्या प्रांती सरळपणाची कल्पना निराळी आहे, तेथे बाप मुलाचे व मुलगा बापाचे झाकतो, अशा अर्थाचे उत्तर त्या पंडिताने दिले.

हे उत्तर प्रथम वाचले तेव्हा आम्हांस मुळीच पटले नाही. चोरी लपविण्यास सरळपणा कसा म्हणावा? परंतु कन्फ्यूशियसाच्या मते नीतीचा उगम राजाज्ञेत नाही, तो घरात आहे. मातापितरांविषयीची ममता हे मूळ, आणि शेजारी, गाव, राज्य यांविषयीची कर्तव्ये या त्याच्या फांद्या. केवळ शिक्षेच्या धाकाने राज्य चालविले, तर लोक शिक्षा चुकवावयास शिकतात, पण त्यांस लाज उरत नाही, असे तो म्हणे. पुढे मेन्शियसाने हाच विचार वाढविला. विहिरीत पडू पाहणारे पोर दिसताच कोणाचेही काळीज हलते, आणि ते काही कीर्तीच्या लोभाने नव्हे. हा अंकुर ईश्वरी नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या ठायी उपजतच असतो, व सुराज्य म्हणजे त्यास वाढू देणारे राज्य. जो कायदा मुलाकडून बापास धरून देववितो, तो हा अंकुरच खुडतो.

उलट पक्ष हान फेई (मृत्यू इ. स. पू. २३३) याचा. तो तीच गोष्ट निराळी सांगतो. मुलाने फिर्याद दिली, तेव्हा बापाशी द्रोह केला म्हणून प्रधानाने त्यासच ठार करविले. परिणाम असा की, त्या राज्यात पुढे गुन्हे वर कळेनासे झाले. बापाचा सुपुत्र व राजाचा सत्प्रजाजन एकाच देहात नांदत नाहीत, हे त्याचे तात्पर्य. ते कठोर असले तरी हसून टाकण्याजोगे खचित नाही. (ज्याची मेंढी गेली त्या बिचाऱ्यास मात्र दोन्हीकडे कोणी विचारीत नाही!)

तांग राजवंशाच्या ६५३ सालच्या संहितेने कन्फ्यूशियसाचा पक्ष घेतला. आप्ताचा गुन्हा लपविणाऱ्यास तीत शिक्षा नव्हती. उलट आईबापांवर फिर्याद करणाऱ्या मुलास देहान्त होता. अपवाद होता तो राजद्रोहाचा. म्हणजे मेंढीवाल्याच्या हानीपुरती राज्याने उदारता दाखविली, स्वतःच्या जिवापुरती नाही! पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) पारडे अगदी उलटले, आणि मुलांस आईबापांविरुद्ध उभे राहण्यास उत्तेजन मिळाले. २०१२ साली सुधारलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आरोपीची पत्नी अगर पती, आईबाप व मुले यांस साक्षीकरिता न्यायालयात सक्तीने आणू नये, एवढी सवलत पुन्हा मिळाली.

तथापि आमच्या मते खरी अडचण निराळीच आहे. गरीब मुलगा गप्प राहिला तर एक मेंढी जाते. पण ज्याच्या हाती शिक्कामोर्तब आहे असा अंमलदार याच ममतेने आपल्या मुलाची लाचखोरी झाकू लागला तर? मेन्शियसास हा प्रश्न एका शिष्याने फार तीव्र रूपाने घातला होता. पुराणकालीन सम्राट शुन याच्या बापाने खून केला असता, तर काय व्हावे? मेन्शियस म्हणतो, न्यायाधीशाने त्यास धरावे, आणि शुनाने आड येऊ नये. मग शुनाने काय करावे? राज्याचा तृणवत् त्याग करून, बापास पाठीवर घेऊन गुपचूप समुद्रतीरी पळून जावे, व तेथे आनंदाने राहावे. ज्या बापाने शुनाचाच जीव घेऊ पाहिला अशी कथा आहे, त्या बापासाठी हे! ममता पाळावयाची तर ती अधिकार खाली ठेवून, स्वतःच्या पदरचे मोल देऊन. राज्याचा शिक्का हातात ठेवून नव्हे. येथे आम्ही मेन्शियसापुढे मान लववितो. हल्ली कन्फ्यूशियसाचे नाव घेऊन नातलगांस पोसणाऱ्यांनी हा भाग वाचलेला दिसत नाही.

एक शंका मात्र आमच्या मनातून जात नाही. मारला गेला तोही कोणाचा तरी बाप असेल. त्याच्या मुलाची ममताही तितकीच उपजत, तितकीच ईश्वरी नियमाची. शुन समुद्रतीरी सुखाने राहत असता त्या मुलाने कोणाच्या दाराशी जावे, हे मेन्शियसाने सांगितलेले नाही.