घरी मेथी, शाळेत थेपला

घाटकोपर-मुलुंडच्या मराठी घरांत ही तक्रार हमखास ऐकू येते. मेथीची भाजी दिसली की तोंड फिरवणारा मुलगा शाळेत गुजराती मित्राच्या डब्यातला थेपला मिटक्या मारत खातो आणि घरी येऊन विचारतो, "आई, तू तसला थेपला का नाही करत?" आईचं डोकं फिरतं. मेथी तीच, कणीकही तीच. (आईच म्हणतोय, कारण अजून बहुतेक घरांत डबा आईच भरते, बाबा पाण्याची बाटली भरतात.) पण हा राग जरा बाजूला ठेवला, तर त्या थेपल्यात एक गोष्ट दिसते. मुलाला काय आवडेल, हे कोडं आपण पहाटे ओट्यापाशी एकट्यानं सोडवत बसतो. त्याची आवडनिवड मात्र छोट्या सुट्टीत, चार डबे शेजारी शेजारी उघडले जातात तिथे ठरत असते.

लीअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० साली यावरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या एखाद्या मुलाला नावडती भाजी ज्यांना आवडते, अशा मुलांच्या टेबलावर त्याला काही दिवस जेवायला बसवलं. समजावणं नाही, बक्षीस नाही. मुलं हळूहळू ती भाजी उचलू लागली, आणि सोबत कोणी नसतानाही त्यांची आवड बदललेली दिसली. बर्च यांचं पुढचं कामही आयांच्या ओळखीचं आहे: अनोळखी पदार्थ लहान मुलाच्या पचनी पडायला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. आता मुलाला नको असलेली दुधी दहा वेळा डब्यात घालून दहाही वेळा परत आलेली बघायची, एवढा धीर कुठल्या घरात आहे? आपण तिसऱ्या वेळेला हात टेकतो आणि जॅम लावलेल्या पोळीवर येतो. बाकावरच्या मित्राचा डबा मात्र हे काम बिनबोभाट, आठवड्यामागून आठवडे, फुकटात करत असतो.

म्हणून मला वाटतं, नखरेल मुलाचा डबा भरताना 'याला काय आवडतं' यापेक्षा 'हा कोणाबरोबर खातो' हे आधी विचारावं, आणि दोन घास जास्तच घालावेत. छोट्या इडल्या, थालीपिठाचे चार तुकडे, धिरड्याच्या गुंडाळ्या, म्हणजे देता येईल, बदल्यात काही घेता येईल असं काहीतरी. डबा रिकामा आला म्हणजे मुलानं खाल्लं असं नाही, आणि अर्धा परत आला म्हणजे तो उपाशी राहिला असंही नाही. ज्याच्या डब्यात मॅगी असते, त्याचा भाव त्या दिवशी काय असतो हे कोणत्याही तिसरीतल्या मुलाला विचारा.

यात वेळेची अडचण मोठी आहे. उपनगरांतल्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात आणि सकाळची पाळी सातच्या सुमाराला सुरू होते. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं, तेव्हा अनेक शाळांनी अडचणींचा पाढा वाचला. सहाच्या आत लाटलेली पोळी मुलासमोर येईपर्यंत तिला तीन-साडेतीन तास झालेले असतात. गरम असताना झाकण लावलं तर वाफेनं ओली, गार करायला ठेवून विसरलं तर वातड. त्यात सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची आणि तेवढ्यातच पकडापकडीही खेळायची. अशा वेळी पोळीचा तुकडा मोडून भाजी टिपून खायला बसणं हे मोठ्या माणसांचं चैनीचं जेवण झालं. तीच बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून दिली तर एका हातानं खाता येते, आणि 'काय आणलंस?' या प्रश्नाला 'फ्रँकी' असं ऐटीत सांगता येतं. ही ऐट मी क्षुल्लक मानत नाही.

कारण बाक जसा शिकवतो तसा लाजवतोही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मुलीनं जवळ्याची चटणी आणली आणि शेजारणीनं नाक दाबलं, तर त्या दिवसापासून तिला जवळा 'आवडेनासा' होतो. घरी सगळे म्हणतात, पोरीचे नखरे वाढले. काही शाळा डब्यात अंडी-मासे आणूच नका असं सांगून मोकळ्या होतात. अशा शाळा नाक दाबणाऱ्याची बाजू घेतात आणि त्याला शिस्त म्हणतात. कोविडनंतर शाळा उघडल्या तेव्हा डबा वाटून खायला मनाई होती. तेव्हा ते योग्यच होतं. शेंगदाण्यासारख्या ॲलर्जीबाबत आजही सावध राहायलाच हवं. पण 'आपापला डबा आपणच खायचा' ही सूचना साथ ओसरल्यावरही काही वर्गांत चिकटून राहिली आहे. तिच्यामुळे मुलं स्वच्छ राहत असतील, पण त्यांचं खाणं घरच्याच चार पदार्थांत अडकतं.

महापालिकेच्या शाळेतलं चित्र वेगळं. तिथे पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सगळ्यांच्या ताटात एकाच पातेल्यातलं पडतं, त्यामुळे कोणाच्या डब्याला कोणी नाक मुरडत नाही. पण अदलाबदलीलाही काही उरत नाही, आणि खिचडीचा कंटाळा सगळ्यांना एकदमच येतो.

पालकसभेत डब्याचा विषय निघाला की बोलणं पदार्थांवरच घुटमळतं: मैदा नको, पाकिटातलं नको, सोमवारी कडधान्य, बुधवारी फळ. राज्यानं २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवायला सांगितलं, तेही पदार्थांबद्दलच होतं, आणि ते बरंच झालं. सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा, मुलांना गोल करून बसू द्या, आधी खेळू द्या आणि मग खाऊ द्या, असं मात्र सभेत कोणी म्हणत नाही. दुसरी पाळी फाटकाशी येऊन उभी असताना ती दहा मिनिटं काढायची कुठून, असं मुख्याध्यापक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण डबा परत आल्याचा हिशेब दर संध्याकाळी एकट्या आईला द्यावा लागतो, तेव्हा एकदा तरी तो प्रश्न सभेत निघायला हवा.